रेवतीचा पेंग्विन

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, १० मार्च २०२६

प्रिय रेवती,

वर ‘सप्रेम नमस्कार’ टाइप केलं होतं, ते खोडलं. पाचवीपासून आपण एकमेकींना कधी नमस्कार घातलाय? तू आलीस की मी ‘आलीस का बये’ म्हणायचं आणि तू थेट स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचेस, अशी आपली रीत. तेव्हा नमस्कार राहू दे. कांदिवलीला कल्पिताकडे बरी आहेस असं धरून चालते. लेकीचं घर आहे, बरीच असशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेजच्या खुणा निळ्या होत नाहीत, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. टाइप केलंय म्हणून परकं वाटून घेऊ नकोस. हाताचं अक्षर आता फार थरथरतं.

इकडचं बरं आहे. नंदकिशोरची साखर काबूत आहे, जीभ नाही. ए विंगची लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. तुझ्या गॅलरीतल्या मोगऱ्याला मी एक दिवसाआड पाणी घालते. किल्ली माझ्याकडेच असते हे विसरली असशील. कळ्या आल्यात. पाडवा पुढच्या गुरुवारी आणि त्याची नोटीस अजून बोर्डावर लागलेली नाही, कारण ती आता कोणी करायची हे कोणालाच कळत नाहीये. बावीस वर्षं ती मी केली. नोटिसा, सत्यनारायणाची आमंत्रणं, निम्म्या सोसायटीच्या लग्नपत्रिका, सगळं माझ्या कॉम्प्युटरवर. ‘माणिकताई, एवढं करून द्या ना’ म्हणत माणसं दारात उभी असायची. चहाचं आधण मी सकाळीच जास्त ठेवायची.

ते ऑक्टोबरात थांबलं. तुझ्यामुळे.

आता मला माझी बाजू मांडू दे. विंडोज दहाचे अपडेट बंद झाले तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे धाबे दणाणले. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने प्रत्येकाला एकच सांगितलं, “काका, याची वाट लागली. भंगारात टाका, नवीन घ्या.” सगळे आले माझ्याकडे. मी म्हटलं, बघू, थांबा जरा. म्हणजे मला काहीही सुचत नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी तू हॉलमध्ये उभी राहून म्हणालीस, “कोणी काही विकत घ्यायचं नाही. आहे त्याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. फुकट आहे, चोरीचं नाही, आणि व्हायरसची कटकट कमी. मी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात आयुष्यभर असल्याच सिस्टिमवर काम केलंय.” दर शनिवारी अकरा वाजता वर्ग. दारावर तू लिनक्सची खूण असलेला तो जाडा पेंग्विन चिकटवलास. अंबादासकाका म्हणाले, “चला, राणीच्या बागेपर्यंत जायला नको, पेंग्विन मुलुंडात आला!” आणि सगळा हॉल हसला.

मी पण हसले. पण पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. आयत्या बिळावर नागोबा, हेच माझ्या मनात आलं. हे लोक मी गोळा केले होते गं. माउस म्हणजे काय हे त्यांना मी शिकवलं. तू आलीस निवृत्त होऊन, अणुशक्तीनगरचं क्वार्टर सोडून, मीच तुला आपल्या सोसायटीत फ्लॅट बघून दिला. आणि आता ‘रेवतीताईंनी सांगितलंय’, ‘रेवतीताई म्हणतात’.

घरातही सुटका नव्हती, नवराच फितूर. नंदकिशोर तुझ्या वर्गाला पहिल्या शनिवारपासून जायला लागला. विमा कंपनीत छत्तीस वर्षं ज्या माणसाने स्वतःचं पत्र कधी स्वतः टाइप केलं नाही, तो घरी येऊन मला लिब्रेऑफिसात टाइप करायला शिकवायला लागला. मला! “अगं, झकास आहे, एकदम मक्खन. आणि माझ्या भाच्याकडे विंडोज आहे ना, त्याच्याकडेही हेच मिळतं फुकटात. इथली फाइल तिथे उघडते.” पुढे म्हणतो कसा, “रेवती किती शांतपणे समजावते गं. तू पटकन चिडतेस.” त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही. विसरले असं सांगितलं. विसरले नव्हते.

तुला आठवतं, अकरावी मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी आपण दोघी शाळेच्या पायरीवर बसलो होतो? तू पहिली, मी दुसरी. दरवर्षीसारखंच. तू पुढे सायन्सला गेलीस. माझ्या बाबांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं, कारण धाकटे दोघे होते आणि मला लवकर कमावणं भाग होतं. तू पण गंमत म्हणून आठवडाभर आली होतीस त्या क्लासला. तुझी बोटं पट्ट्यांमध्ये अडकायची आणि सर म्हणायचे, “तुम्ही राहू द्या हो.” तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा आठवडा होता. मराठीत मिनिटाला पंचेचाळीस शब्द, केंद्रात पहिली. पहिली, रेवती. ती मार्कशीट अजून आहे माझ्याकडे.

मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तरी माझी बोटं टाइपरायटरचीच राहिली. आमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या अगदी तशाच होत्या. आणि तू वर्गात काय शिकवलंस, तर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी. के दाबला की क. सत्तरीच्या बायका खिदळत होत्या, “अय्या, किती सोप्पं!” मी एका शनिवारी मागे उभी राहून पाहिलं आणि निघून आले. घरी करून पाहिलं, तर मला ते करता येईना. पहिलीतल्या पोरीसारखी एकेक पट्टी शोधत बसले होते. पंचेचाळीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं ते तू एका शनिवारी मोडीत काढलंस, असं मला वाटलं. तू मुद्दाम केलंस असंही वाटलं.

आणि मग तिळगुळाचा कार्यक्रम झाला.

त्याबद्दल मला एवढंच म्हणायचं होतं, की अंबादासकाकांच्या मंजुळाकाकूंच्या आठवणी मी टाइप केल्या होत्या. शेवटची दोन वर्षं काकू माझ्याकडे रोज दुपारी येऊन बसायच्या, त्या सांगायच्या, मी त्यांच्याच लॅपटॉपवर टाइप करायची. एकशे चाळीस पानं. पूर्ण झाल्यावर छापू म्हणाल्या, म्हणून कागदावर कधी काढली नाहीत. काकू गेल्या आणि अंबादासकाकांना लॅपटॉपवर रोज एक पान वाचायची सवय लागली. त्या फाइली कशा आहेत, कशात केल्यात, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? काकांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याआधी तू मला एकदा विचारायला हवं होतंस. एकदा विचारलं असतंस तर पुढचं काही झालंच नसतं.

इथपर्यंत लिहून मी उठले. नंदकिशोरला चहा दिला, कपडे वाळत घातले. परत बसून वरचा परिच्छेद वाचला.

तो खोटा आहे, रेवती. खोडत नाही. राहू दे तिथेच, म्हणजे सहा आठवडे मी लोकांना काय सांगत होते ते तुला कळेल.

तू विचारलं होतंस. गुरुवारी, बावीस जानेवारीला, दुपारी चारच्या सुमारास. काकांच्या लॅपटॉपची निळी पिशवी तुझ्या खांद्याला होती. मी तीळ भाजत होते. दारातूनच तू म्हणालीस, “माणिक, काकूंच्या फाइली तू केल्यास ना? नव्यात नीट उघडतील ना गं? मराठीचं मला काही कळत नाही, आमच्याकडे सगळं इंग्रजीत. काही वेगळं करायला लागतं का?”

मी तिळाकडे बघत म्हटलं, “वेगळं काय असणार? फाइल ती फाइल.”

मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आत मराठी नसतंच. आत कसलीतरी इंग्रजी चिन्हं असतात आणि त्यांना मराठी रूप देणारा फॉन्ट वर बसवलेला असतो. तो फॉन्ट नसला की उरतो नुसता गोंधळ, आणि दुसरा कुठलाही मराठी फॉन्ट लावला तरी तो सुटत नाही. काकांच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट मीच कधीतरी घातला होता. विंडोज गेलं की तोही जाणार होता. त्याची सीडी माझ्या कपाटाच्या वरच्या खणात होती, तू उभी होतीस तिथून चार पावलांवर.

आणि तू आधी उघडून बघणार नाहीस हेही मला ठाऊक होतं. काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, संक्रांतीचं पान मी कार्यक्रमात पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडणार, तोवर मंजुळाच्या फाइली दुसऱ्या कोणी उघडायच्या नाहीत. तू दिलेला शब्द पाळणारी बाई. त्याच्यावर मी भरवसा ठेवला. केवढा भरवसा बघ माझा तुझ्यावर!

शनिवारी काय झालं ते तुला सांगायला नको, पण मी कुठे होते ते सांगते. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी. काकांनी नवा झब्बा घातला होता. तू फाइल उघडलीस आणि समोरच्या पडद्यावर ते आलं, डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, मध्ये मध्ये पौंडाच्या खुणा, वाकडेतिकडे कंस. तू फॉन्ट बदलून पाहिलास, बंद करून उघडून पाहिलंस. तुझे कान लाल झाले होते. शाळेत तुझे कान लाल झालेले मी कधीही पाहिले नव्हते. काका पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे असं कसं झालं गं? परवा तर वाचत होतो.”

कोणीतरी मागून म्हणालं, पुसलं गेलं वाटतं सगळं. तेव्हा मी बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “मी आधीपासून सांगत होते, फुकटच्या वस्तूचा भरवसा नसतो.”

मला त्या क्षणी फार बरं वाटलं, रेवती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहायचं ठरवलंय. साठ वर्षांत पहिल्यांदा तू चुकली होतीस आणि मी बरोबर होते. घरी येऊन मी दोन गुळाच्या पोळ्या खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी तुझ्या वर्गाला तिघं आली, त्याच्या पुढच्या शनिवारी कोणीच नाही. पेंग्विन कोणीतरी फाडला. तो मी नाही फाडला, एवढं तरी मान. मग तू बॅग घेऊन कांदिवलीला गेलीस. जाताना माझी बेल वाजवली होतीस. मी घरात होते.

मी मग वाट बघत बसले की लोक परत माझ्याकडे येतील. चहाचं आधण जास्त ठेवायची. कोणी आलं नाही. लोक मोबाइलवर भागवतात, नाहीतर गप्प बसतात. आणि गेल्या गुरुवारी नंदकिशोर बागेतून आला आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, “अंबादासकाका अजून रोज एक पान उघडतात.”

“कसलं पान? गेलंय ना सगळं?”

“तेच तर. काही वाचता येत नाही. पण उघडतात, शेवटपर्यंत बघतात आणि मिटतात. मी विचारलं तर म्हणाले, अक्षरं गेली, पण पानं तेवढीच आहेत. एकशे चाळीस. मोजली मी.”

मी उठले आणि वरचा खण उघडला. सीडीवरून फॉन्ट काढून न्यायला एक पेनड्राइव्ह हवा होता. खणात तुझाच पडला होता, नोव्हेंबरात तू दिलेला, ‘माणिकसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवलेला. तेव्हा मी तो हातातही धरला नव्हता, तसाच खणात भिरकावला होता. म्हटलं, हाच कोरा करू. कॉम्प्युटरला लावला तर आत एक फाइल, नाव ‘माणिक आधी हे वाच’.

तू काय लिहिलं होतंस ते तुला आठवत असेल, तरी मी लिहिते, कारण मला ते आता पाठ आहे. “माणिक, बाकीच्यांना इंग्रजी पट्ट्यांवरून मराठी शिकवतेय कारण त्यांना काहीच येत नाही. तुझी बोटं टाइपरायटरची आहेत, ती मोडू नकोस. लिनक्समध्ये मराठी टाइपरायटरचा कीबोर्ड असतो, तो शोधून यात घातलाय. मला तीन दिवस लागले. काही इन्स्टॉल करायचं नाही, यावरूनच कॉम्प्युटर चालू कर. मराठी टायपिंगचा तास तू घेशील का? मला जमत नाही आणि तुला विचारायला भीती वाटते, तू चिडतेस.” चार ओळींत सात चुका होत्या. मोजल्या मी.

वाचून डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. रागच आला आधी. इथेही तूच पुढे! माझ्या बोटांची काळजीसुद्धा माझ्याआधी तू केलेली. मग मी कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून चालू केला, बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि न बघता टाइप केलं. सगळं जिथल्या तिथे होतं. हे पत्रही मी त्यावरच लिहितेय.

गेल्या शनिवारी मी काकांकडे गेले. फॉन्ट बसवायला तुझ्या लिनक्समध्ये किती वेळ लागतो माहितेय? दोन क्लिक. फाइलवर क्लिक, मग ‘इन्स्टॉल’वर क्लिक. मी संक्रांतीचं पान उघडलं. काका मोठ्याने वाचायला लागले. वाकोल्याच्या चाळीतली काकूंची पहिली संक्रांत, शेगडीवरची परात, हलव्याला काटा येता येत नाही आणि सासू म्हणते, बोट भाजलं तरी हात काढायचा नाही. काका अडखळले तिथे पुढचं वाक्य मी म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तीळ भाजण्यापासून.

ते म्हणाले, “मंजुळा असती तर तिने तुझा कान पिळला असता. मी काय करू, सांग.” आणि थोड्या वेळाने, “रेवतीला सांगितलंस?”

मी नाही म्हटलं. तर म्हणाले, “मग इथे काय बसलीयेस?”

आज सकाळी बोर्डावर नोटीस लावली. मोठ्या टाइपात आहे. ‘मंजुळाकाकूंच्या फाइली रेवतीमुळे बिघडल्या नव्हत्या. त्यांना लागणारा फॉन्ट माझ्याकडे होता. तिने मला आधी विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही. माणिक, ए ३०४.’ नंदकिशोरने खाली उभं राहून ती दोनदा वाचली. आल्यापासून त्याने टीव्ही लावलेला नाही. दुसऱ्या मजल्यावरची इरावती मला जिन्यात भेटली आणि भिंतीकडे बघत निघून गेली. बरोबरच आहे तिचं.

काकूंची पानं मी आता युनिकोडच्या नव्या मराठीत परत टाइप करतेय, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील, विंडोज असो की तुझा पेंग्विन. अकरा झाली. एकशे एकोणतीस राहिली.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तू शांतपणे माफ करशील आणि मला पुन्हा तुझ्यावर जळावं लागेल. जळणं काही गेलेलं नाही, गं. या वयात जाईल असं वाटत नाही. पण शनिवारी अकरा वाजता मी हॉल उघडून, खुर्च्या मांडून ठेवणार आहे. कोणी येईल की नाही माहीत नाही. मराठी टायपिंगचा तास मी घेईन, पण तू पुढच्या रांगेत वही घेऊन शिकायला बसणार असशील तरच. तुझा वेग मिनिटाला आठ शब्द असेल.

एक राहिलं. काकांसमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं म्हणून कळलं. ते पान मीच टाइप केलेलं, तीन वेळा तपासलेलं. त्या दिवशी पडद्यावर काही दिसत नव्हतं, काका चष्मा वर करून उभे होते आणि तुझे कान लाल झाले होते, तेव्हा फॉन्ट नसता तरी चाललं असतं. मी नुसती उभी राहिले असते आणि म्हणून दाखवलं असतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

तुझी,
सगळं पाठ असून तिसऱ्या रांगेत बसून राहिलेली,
माणिक